अफूची नोंदवही आणि कलम ३९

बालाघाटच्या मराठी घराण्यांचा इतिहास लिहावयास बसले की भोसल्यांच्या काळातील कमाविशी, इंग्रजी अमलातील मालगुजारी, वकिली, मास्तरकी आणि गणेशोत्सव या गोष्टी हटकून येतात. त्याच घरांच्या फडताळात सुंठ-वेखंडाशेजारी जी अफूची डबी असे, तिचा उल्लेख मात्र कोणी करीत नाही. वास्तविक त्या डबीत त्या काळी लाजण्यासारखे काही नव्हते. खोकला, हगवण, पोटातील कळ यांवर अफू हे सर्वमान्य औषध होते. शार्ङ्गधरसंहितेपासून आपल्या वैद्यकग्रंथांत ती अहिफेन या नावाने येते. पटकीच्या साथीत तिच्या गोळ्या सरकारी मार्गानेही वाटल्या जात. तान्ही मुले निजून राहावीत म्हणून त्यांना अफूचा कण चाटविण्याची चाल तर देशभर होती. मुंबईच्या गिरणगावात ती ‘बाळगोळी’ या लाडक्या नावाने विकली जाई. मूल निजले की आई कामाला मोकळी होई. क्वचित ते मूल पुन्हा जागेही होत नसे.

औषध, सवय आणि व्यसन यांच्या सीमा त्या काळी अशा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. पुढे सरकारने त्या सीमा आखल्या, पुसल्या आणि पुन्हा आखल्या. त्या प्रत्येक वेळी अफू खाणाऱ्या माणसाचे काय केले, एवढाच धागा धरून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आपल्या जिल्ह्याची ओळख धानाची, मँगनीजची आणि मोहाची. अफूचे माहेर माळवा. आणि माळव्याची अफू ही बहुतांशी मराठी राज्यकर्त्यांच्या मुलखातील अफू होती, हे विसरून चालणार नाही. शिंदे, होळकर, धारचे आणि देवासचे पवार यांच्या रयतेने ती पिकविली, उज्जैन-इंदूर-रतलाम-मंदसौरच्या सावकारांनी तिच्यावर आगाऊ रकमा दिल्या आणि मुंबई वा दमणच्या बंदरातून ती चीनला गेली. कंपनीच्या बंगालमधील मक्तेदारीला हा मोठाच शह होता. १८१८ नंतर कंपनीने माळव्याची अफू स्वतः खरेदी करण्याचा आणि संस्थानिकांशी करार करून ती आवरण्याचा पुष्कळ खटाटोप केला. चोरवाटा काही बुजल्या नाहीत. अखेर १८३०च्या सुमारास परवान्याची पद्धत आली : पेटीमागे कर भरा आणि माल मुंबईला न्या. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या हाती गेला, कराचीमार्गे दमणला जाणारी पळवाट बंद झाली आणि हा कर चढत गेला. १८४७ साली तो पेटीमागे ४०० रुपये झाला होता. सर जमशेटजी जीजीभाईंच्या सुरुवातीच्या संपत्तीत चीनच्या अफूव्यापाराचा वाटा किती मोठा होता, हे मुंबईच्या इतिहासकारांनी लपविलेले नाही. माळव्यातील आपल्या दरबारांच्या महसुलाविषयी आपण मराठी माणसे तितक्या मोकळेपणाने बोलत नाही.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मागे राहिला आणि मंदसौरबरोबर एकाच नव्या राज्यात आला. त्यामुळे आमच्यासारख्या राज्यसेवकाची बदली वैनगंगेच्या काठावरून थेट माळव्यात होऊ शके. आमचे पवार शेजारी आपले मूळ धारचे सांगतात. आम्ही त्यांच्या पूर्वजांची वाट उलट्या दिशेने चाललो, असे तेव्हा गमतीने म्हणत असू. अफूची पांढरी-जांभळी फुले, बोंडाला दिलेल्या चिरा आणि त्यांतून पाझरलेला, सकाळपर्यंत काळपट झालेला चीक आम्ही तिकडेच प्रथम पाहिला. मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत केंद्र सरकारच्या परवान्याने ही शेती आजही होते. तिचा चीक नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो आणि त्यातून शस्त्रक्रियेनंतरच्या वा कर्करोगाच्या वेदना शमविणारी औषधे बनतात. अफूला सरसकट शत्रू ठरविणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.

इंग्रजी कायद्याचे धोरण मोठे सोयीचे होते. १८५७ आणि १८७८च्या अफूच्या कायद्यांनी लागवड, वाहतूक आणि विक्री सरकारच्या मुठीत आणली. परवान्यावाचून पिकविणारा वा विकणारा गुन्हेगार ठरला. ठरीव मर्यादेत विकत घेऊन खाणारा मात्र गुन्हेगार नव्हता. तो गिऱ्हाईक होता. दुकानांच्या परवान्यांतून उत्पन्न येई आणि खप वाढला की तिजोरी भरे. इंग्लंडमधील धर्मनिष्ठ मंडळींनी याविरुद्ध बराच गहजब केला, तेव्हा १८९३ साली लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमण्यात आला. दरभंग्याचे महाराज लक्ष्मीश्वर सिंह आणि जुनागढची दिवाणगिरी केलेले हरिदास विहारीदास देसाई हे त्यातील दोन हिंदी सदस्य. आयोगाने कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत फिरून सातशेहून अधिक साक्षी घेतल्या. अफू माफक खाल्ली तर बाधत नाही, हिवतापाच्या प्रदेशात ती उपकारकच आहे, असे सांगणारे अधिकारी, डॉक्टर आणि जमीनदार त्यांत पुष्कळ होते. १८९५च्या अहवालाने बंदीची गरज नाही असा निर्वाळा दिला. हेन्री विल्सन या एकाच सदस्याने त्याला पूर्ण विरोध नोंदविला. सारी चर्चा बंदी की विक्री या दोन टोकांमध्ये झाली. ज्याला ती सोडावयाची आहे त्याने कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न त्या सात जाडजूड खंडांत कोपऱ्यातच राहिला.

पुढे जगाचे वारे फिरले. १९०७च्या करारान्वये चीनला जाणारी अफू टप्प्याटप्प्याने थांबली. राष्ट्रसंघाने दर १०,००० लोकांमागे वर्षाला ६ शेर हे औषधी गरजेचे प्रमाण धरले आणि हिंदुस्थानचा खप त्याच्या कितीतरी पुढे असल्याचे उघड झाले. येथे आसामचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९२१ साली गांधीजी तेथे गेले. असहकाराच्या लाटेत गावोगावच्या स्वयंसेवकांनी अफूविरुद्ध घरोघर प्रचार केला आणि खप खरोखर घटला. पुढे आसाम काँग्रेसने स्वतःची चौकशी समितीही नेमली. सरकार विकत असताना समाजाने आवरले, असा हा दुर्मीळ प्रसंग होय.

स्वातंत्र्यानंतर १९४९च्या अखिल भारतीय अफू परिषदेत असे ठरले की औषधी उपयोग वगळता अफूचे सेवन दहा वर्षांत बंद करावयाचे. त्याप्रमाणे १ एप्रिल १९५९ पासून खुली विक्री थांबली. पण जे वर्षानुवर्षे खात आले, त्यांची अफू एका दिवसात तोडणे म्हणजे त्यांना मरणयातना देणे, हे जाणून सरकारने नोंदणीकृत व्यसनींची सोय ठेवली. वैद्यकीय दाखला आणावा, आबकारी खात्याच्या वहीत नाव घालावे आणि ठरलेली मात्रा घ्यावी. आम्ही नोकरीत लागलो तेव्हा अशा जुन्या काही वह्या एका कचेरीच्या कपाटात पाहिल्या होत्या. नाव, बापाचे नाव, वय, गाव, महिन्याची मात्रा. काही नावे लाल शाईने कापलेली आणि पुढे ‘मयत’ असा शेरा. ‘सोडली’ असा शेरा आम्ही चाळलेल्या पानांवर एकाही ओळीपुढे दिसला नाही. तरीही त्या वहीत एक समंजसपणा होता, असे आता वाटते. त्या म्हाताऱ्यांना कोणी बेड्या घातल्या नाहीत. तलफेपायी त्यांना कोणाच्या घरात चोरी करावी लागली नाही.

१९८०च्या आसपास चित्र पालटले. अफगाणिस्तान आणि इराणमधील उलथापालथीनंतर कच्चे हेरॉइन मुंबईत येऊ लागले. त्याला कोणी ब्राउन शुगर म्हणे, मराठीत ‘गर्द’ हे नाव रुळले. गर्द ओढणारा कोवळा मुलगा अफूच्या वहीतील म्हाताऱ्यासारखा वीस-तीस वर्षे तग धरत नसे. सिगारेटच्या चांदीवर दोन-चार वेळा ओढले की शरीर ताब्यातून जाई आणि न मिळाले की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पायात गोळे, जुलाब, रात्ररात्र झोप नाही. देशात भीती पसरली. आंतरराष्ट्रीय करारांचे दडपणही होतेच. १९६१च्या करारानुसार अफूच्या बिगरवैद्यकीय वापराला दिलेली सवलत १९७९ साली संपली होती. १९८५ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत आलेले अमली पदार्थांचे विधेयक १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींच्या सहीने कायदा झाले आणि १४ नोव्हेंबरपासून अमलात आले. इतक्या कठोर कायद्याला इतका थोडा वेळ! त्याच्या २७व्या कलमाने नुसते सेवन हाही तुरुंगवासाचा गुन्हा ठरविला. पूर्वीचा गिऱ्हाईक आता आरोपी झाला.

त्याच सुमारास पुण्यात एक वेगळी गोष्ट घडली. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लिहिले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी केंद्र काढण्यासाठी साहाय्य देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अनिताताई १९९७ साली गेल्या, अवचट २०२२च्या जानेवारीत. केंद्र चालू आहे. तेथील पद्धतीतील आम्हांस महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी दोन. पहिली अशी की, व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे नव्या रुग्णांची सोबत करतात. दुसरी म्हणजे उपचार एकट्या रुग्णावर होत नाहीत. पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे, आईबापांशी बोलणे आहे, घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा आहे. राजस्थानात जोधपूरजवळ माणकलावच्या नारायणसिंहांनी अफूमुक्तीची जी शिबिरे गावातच भरविली, तीही याच जातीची. गावाची माणसे रांधून वाढीत आणि अफू सोडणारे दहा-वीसजण एकमेकांच्या साक्षीने ते कठीण दिवस काढीत.

आता कायद्याकडे परत येऊ. १९८५च्या त्या कडक कायद्यात ३९वे कलम आहे आणि ते फार थोड्यांनी वाचलेले दिसते. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनाधीन असेल, तर न्यायालयाला त्याचे वय, वर्तन आणि प्रकृती पाहून, त्याच्या संमतीने, त्याला तुरुंगात धाडण्याऐवजी सरकारी वा सरकारमान्य रुग्णालयात उपचारांसाठी सोडता येते. त्याने बंधपत्र लिहून द्यावे, जामीनदारासह वा त्यावाचून, आणि एक वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल न्यायालयापुढे ठेवावा. अहवाल समाधानकारक असेल तर समज देऊन, आणखी तीन वर्षांपर्यंतचे बंधपत्र घेऊन, त्याला मोकळे करता येते. १९८९च्या दुरुस्तीने ६४-अ हे कलम जोडले. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला त्यामुळे खटल्यापासून संरक्षण मिळते, मात्र उपचार अर्धवट टाकले तर ते काढून घेता येते. २००१ साली अल्प आणि व्यापारी प्रमाण असा भेद आला : अफू २५ ग्रॅमपर्यंत, हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत अल्प. २००१च्याच दुरुस्तीने ही दोन्ही कलमे अल्प प्रमाणाच्या इतर गुन्ह्यांनाही लागू झाली.

१९८९ हे साल योगायोगाने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी अमेरिकेत फ्लोरिडातील मायामी येथे जगातील पहिले व्यसनोपचार न्यायालय सुरू झाले. स्टॅन्ली गोल्डस्टीन हे त्याचे पहिले न्यायाधीश. आपल्या ३९व्या कलमात जे चार ओळींत आहे, त्याचीच तेथे रीतसर यंत्रणा उभारली गेली. आरोपी दर आठवड्या-पंधरवड्याला त्याच न्यायाधीशापुढे उभा राहतो. सरकारी वकील, बचावाचे वकील, डॉक्टर आणि परिवीक्षा अधिकारी आधी एकत्र बसून त्याची विचारपूस करतात. लघवीची तपासणी होते. चुकला तर लहान शिक्षा, टिकला तर भर न्यायालयात टाळ्या. वर्ष-दीड वर्ष हे चालते. पुढे १९९८ साली टोरोंटोत, १९९९ साली सिडनीकडे अशी न्यायालये निघाली आणि अमेरिकेत आज त्यांची संख्या हजारांत आहे. ही न्यायालये जेथे चांगली चालली तेथे मागे गाव उभे असते : नोकरी देणारा दुकानदार, राहायला खोली देणारे घर, सोबतीला येणारा पूर्वीचा व्यसनी. दोषही आहेत. यांतील कित्येक न्यायालयांनी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे घेणे म्हणजे व्यसनच चालू ठेवणे, असे मानून रुग्णांना ती बंद करावयास लावली. डॉक्टरांचे मत याच्या अगदी उलट आहे. २०१५पासून संघ सरकारच्या अनुदानाला अशी औषधे नाकारता येणार नाहीत ही अट जोडावी लागली. आपल्याकडेही सुईने नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन देण्याची केंद्रे एड्स नियंत्रण कार्यक्रमात २००७-०८पासून आहेत. नोंद, ठरलेली मात्रा, देखरेख. आबकारी खात्याची ती जुनी वही नव्या रूपात परत आली म्हणावयाची. फरक इतका की या वेळी शेजारी डॉक्टर आणि समुपदेशक बसलेला आहे.

आमच्या मते ३९व्या कलमातील खरी गाठ दुसरीकडे आहे. बंधपत्रात माणूस लिहून देतो की कायद्याच्या चौथ्या प्रकरणातील कोणताही गुन्हा करणार नाही. आणि २७वे कलम, म्हणजे नुसते सेवन, त्याच प्रकरणात येते. म्हणजे पाय एकदा घसरला तरी बंधपत्र मोडले. अफूजन्य व्यसनात पाय घसरणे हा आजाराचाच भाग आहे, सुधारणा वळणावळणाने होते, असे वैद्यक सांगते. कायदा मात्र पहिल्याच दिवसापासून सरळ रेषा मागतो. अशा वेळी न्यायाधीशाला कोणीतरी सांगावे लागते की, हा घसरला, पण दुसऱ्याच दिवशी आम्ही याला दवाखान्यात नेले, तिसऱ्या दिवसापासून कामावर आहे. ते सांगणारा जामीनदार नसेल, तर चांगला न्यायाधीशही काय करणार?

हा प्रश्न दूरचा नाही. सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकरवी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात वर्षभरात अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी होते आणि त्यांपैकी ७७ लाखांच्या आसपास लोकांना मदतीची गरज होती. हेरॉइनच्या खालोखाल त्यांत औषधी गोळ्या व सिरपे आहेत, अफू त्यानंतर. आपल्याच राज्यात रीवा-सतना भागात कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाने किती घरे पोखरली, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. ट्रामाडोल हे वेदनाशामक २०१८ साली या कायद्याच्या कक्षेत आले ते उगीच नव्हे.

आमच्या परिचयातील एका मराठी कुटुंबाचे सांगतो. गाव आणि नाते मुद्दाम देत नाही. मुलगा गोळ्यांच्या नादी लागला. घरच्यांनी दोन वर्षे तो परगावी शिकतो आहे असे सांगितले. पुढे तो अल्प प्रमाणासह पकडला गेला. गुन्हा कबूल करून दंड भरा आणि मोकळे व्हा, असा सल्ला मिळाला. चारचौघांत बभ्रा होऊ नये म्हणून बापानेही तोच मार्ग पत्करला. ३९व्या कलमाचे नाव कोणी काढले नाही, कारण ते काढले असते तर वर्षभर न्यायालयात येणे-जाणे झाले असते आणि जामीनदार म्हणून कोणा ना कोणाला घरातले सांगावे लागले असते. दंड भरला गेला. मुलगा सहा महिन्यांनी पुन्हा सापडला. आज तो बरा आहे की नाही, हे विचारण्याचे धाडस आम्ही केलेले नाही. त्याची आई देवळात भेटते तेव्हा ती दुसरेच बोलते.

मोहाची दारू पिऊन पडणाऱ्याला आपला समाज हसतो, क्वचित उचलून घरीही आणतो. गोळ्या घेणाऱ्याचे मात्र नावच पुसले जाते. शेजारच्या गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी झाली आणि २०१६पासून ‘मुक्तिपथ’चे काम गावोगाव सुरू झाले, तेथे गावानेच पुढाकार घेतला म्हणून व्यसन हा बोलण्याचा विषय झाला. आमच्याकडे अजून तो कुजबुजण्याचा विषय आहे.

मंडळाच्या सभासदांत निवृत्त वकील आहेत, डॉक्टर आहेत, जुन्या शिक्षकांना तर अर्धे शहर ओळखते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अमली पदार्थांच्या बळींसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची २०१५ची योजना आहे आणि तिच्यात स्वयंसेवकांना स्थान आहे. रुग्णाला नागपूरला वा जबलपूरला न्यावे लागले तर सोबत हवी असते; गाडी आता रुंद रुळांची झाली, प्रवास पूर्वीसारखा दिवसभराचा राहिला नाही. जामीनदाराला भीती असते ती बंधपत्राच्या रकमेची. ती रक्कम न्यायालय ठरविते आणि दोघा-तिघांनी मिळून तिचा भार उचलण्यास व्यवहारात अडचण नसावी. वकील मंडळींनी याचा नीट विचार करून पुढील बैठकीत सांगावे. केंद्र सरकारने ठरविलेल्या त्या बंधपत्राच्या नमुन्यात जामीनदाराच्या नावासाठी जागा असते. एका प्रकरणापुरते तरी ती भरण्यास कोण तयार आहे, हे त्याच बैठकीत विचारावे, अशी सूचना आम्ही कार्यवाहांकडे लेखी दिली आहे.